वॉशरूमच्या दाराचं टिकेट

"आमच्याकडे प्रोसेसशिवाय पानसुद्धा हलत नाही," मालक ऑडिटरला म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस रेलले. "तक्रार आली की टिकेट निघतं, माझ्या मोबाईलवर येतं. मी अंगठा लावला की मगच माणूस जागचा उठतो."

ही प्रोसेस गेल्याच आठवड्यात जन्माला आली होती. त्याआधी कंपनीत एकच प्रोसेस होती: मालकांनी ओरडायचं. पण मोठ्या कंपन्यांची उरलीसुरली सॉफ्टवेअरची कामं करून कंपनी मेटाकुटीला आली होती. आता एक परदेशी बँक आपलं सगळं काम द्यायला तयार होती. संध्याकाळी व्हिडिओ कॉल होता आणि त्याआधी क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं होतं. नाहीतर ऑफिसची जागा सोडायची वेळ आली होती. म्हणून मालकांनी मेहुण्याला क्वालिटी मॅनेजर केलं. त्याला लहानपणापासून दुसऱ्यांच्या चुका काढायची आवड.

ऑडिटर वॉशरूममध्ये गेले आणि आत अडकले. ते दार वर्षभर तसंच अडकायचं. ऑफिसातले सगळे ते किंचित उचलून उघडायचे. ही एकच प्रोसेस लिहून काढायची राहिली होती.

मालक धावत आले. "साहेब, दार जरा उच..."

मेहुण्यानं त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "भावोजी, वेड लागलंय का? बिघाड माहीत होता आणि नोंदवला नाही, असा अर्थ होईल त्याचा."

"मग तोडू या."

"टिकेट नसताना? आणि तो आत कान देऊन बसलाय."

सपोर्टच्या ताई लॅपटॉप घेऊन दाराशी आल्या. तक्रार ज्याची त्यानंच नोंदवायची असा नियम होता, आणि ऑडिटरकडे लॉगिन नव्हतं. लॉगिनसाठी ओळखपत्र लागतं. ते दाराखालच्या फटीतून बाहेर आलं.

"सर, तुमचं काम थांबलंय का?" ताईंनी विचारलं. "तातडीचा कॉलम भरायचाय."

"इथलं झालंय," आतून शांत आवाज आला. "बाकीचं थांबलंय."

"मग मध्यम टाकते."

मालकांनी अंगठा लावला. मंजुरी मिळाली, पण दार दुरुस्त करणारा बाहेरचा माणूस, आणि बाहेरच्या माणसाला आत घ्यायची मंजुरी वेगळी. मालकांनी परत अंगठा लावला. तेवढ्यात ऑडिटरचाच धीर सुटला. त्यांनी असा काही हिसका मारला की दार उघडलं आणि हँडल त्यांच्या हातात राहिलं.

ऑडिटरनी हँडल ताईंच्या हातात दिलं.

"उत्तम," ते म्हणाले. "गेल्या खेपेला एका कंपनीत असाच अडकलो होतो. तिथल्या मालकानं लाथ मारून दार उघडलं. ना टिकेट, ना मंजुरी. सरळ नापास केलं. तुमचं सर्टिफिकेट पक्कं. रिपोर्ट लिहायला बसतो."

ताईंनी 'तक्रारदार बाहेर आले' असं लिहून टिकेट बंद केलं. दुरुस्तीवाल्याला परत पाठवलं, कारण आता तक्रारच नव्हती.

कॉलची वेळ झाली. मालकांनी मोबाईल टेबलावर ठेवला, तोंडावर पाणी मारून येतो म्हणाले, आणि गेले. त्यांच्यामागे दार लागलं. त्यांनी ते उचलून पाहिलं, ढकलून पाहिलं. आतून धरायला काहीच उरलं नव्हतं.

"अरे, उघडा दार!"

"या दाराचं टिकेट आहे साहेब," ताई म्हणाल्या. "पण ते सकाळीच बंद झालंय. परत उघडायला तुमची मंजुरी लागते."

"दिली!"

"तोंडी चालत नाही. अंगठा लागतो. आणि फटीतून कार्ड जातं, मोबाईल नाही जात."

"बोलव त्या शहाण्याला. लाथ मार म्हणावं दाराला."

मेहुणा फटीपाशी ओणवा झाला. "भावोजी, हळू बोला. ऑडिटर शेजारच्याच खोलीत आहेत. रिपोर्टवर सही व्हायचीय अजून. जरा कळ काढा."

सही झाली. मेहुण्यानं सर्टिफिकेट उचललं आणि ते कॅमेऱ्यासमोर मालकांच्या रिकाम्या खुर्चीत नीट उभं करून ठेवलं. बँकेची माणसं त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली आणि मग कॉल बंद करून गेली.

ते काम दुसऱ्या एका कंपनीला मिळालं. तिच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. पण कॉलच्या वेळी तिचा मालक खुर्चीत होता, आणि त्याच्या उजव्या पायाला अजून प्लॅस्टर होतं.