शेडमास्तर आणि तीन पातेली लाल

शेडमास्तरांचं म्हणणं असं, की जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना लाल दिसतो; आणि दुसरी, ज्यांना लाल कळतो! पहिल्या प्रकारात सगळं जग, आणि दुसऱ्यात ते स्वतः.

उभा जन्म त्यांनी रंगाच्या दुकानात शेड, म्हणजे छटा, जुळवण्यात काढला होता; नावही तिथलंच. गिऱ्हाइकाने सोफ्याच्या कापडाची चिंधी आणून टाकावी आणि म्हणावं, "भिंत अशी पाहिजे!" की मास्तर डब्यात ह्याचे दोन थेंब, त्याचे चार थेंब टाकणार, काठीने ढवळणार आणि पुठ्ठ्यावर एक फटकारा मारून दाखवणार. गिऱ्हाईक लगेच नाक मुरडायला लागलं, की बोट वर करून म्हणणार, "रंग आधी वाळू द्यावा, मग बोलावं!" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की निवृत्तीच्या दिवशी दुकानातल्या मंडळींनी ते केकवर लिहून आणलं.

आणि निवृत्त होऊन मास्तर घरच्यांच्या नशिबी आले! दुसऱ्यांना जन्मभर थांबायला सांगणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र घडीभर बूड टेकून बसणं ठाऊक नव्हतं. पंखे पुसून झाले, परत पुसून झाले. बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं, की कपाटाची दारं आपली आपण उघडायला लागली. सासूबाई खुर्चीवरून उठून पाणी प्यायला गेल्या, की परत येईपर्यंत खुर्ची समोरच्या भिंतीला!

"जावईबापू," सासूबाई म्हणत, "एक दिवस मी हवेतच बसणार आहे बघा. मग तुम्हाला न्यायला पोलीस येतील."

मास्तरीणबाईंनी मात्र गच्चीवर मिरच्या लावल्या होत्या आणि त्यांचा सॉस करून त्या बाटल्या भरत होत्या. मिरच्या तीन जातीच्या. एक जाडजूड, गर्द लाल. दिसायला पैलवान, स्वभावाने गाय. दुसरी लांबट, मधल्या स्वभावाची. आणि तिसरी बुटकी, सुरकुतलेली, शेंदरी. तिला मास्तरीणबाई हातमोजे घातल्याशिवाय शिवतसुद्धा नसत. मास्तरांना या तिघींची काही ओळख नव्हती. एकदा त्यांनी सगळ्या कुंड्या 'जरा नीट दिसाव्यात' म्हणून उन्हातून उचलून सावलीत रांगेने लावल्या होत्या. तेव्हापासून त्यांना गच्चीबंदी होती. शिवाय त्यांना पित्ताचा त्रास. जेवणात मिरचीचं नाव काढायची सोय नव्हती.

त्या बुधवारी घरात सकाळपासून धावपळ होती. एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी बघणाऱ्या बाई चार वाजता सॉस चाखायला येणार होत्या. फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तिखट सॉस मला ढिगाने मिळतात हो. मला सौम्य हवाय. नाश्त्याच्या टेबलावर लहान पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालेल असा. आधीच्या माणसाचा सॉस एका आजोबांना झोंबला, त्या दिवसापासून त्याला दारात उभा केलेला नाही." मास्तरीणबाई गेली दोन वर्षं शेजारीपाजारी बाटल्या वाटत होत्या. लोक चाटूनपुसून खात, वा वा करत आणि रिकामी बाटलीही परत देत नसत! आज पहिल्यांदा कुणीतरी खरंखुरं गिऱ्हाईक होऊन येणार होतं, आणि त्यांना रात्रभर झोप नव्हती.

तीन पातेली ओट्यावर निवत होती. तिन्हींत टोमॅटो, गाजर आणि आपापली मिरची. वरून बघाल तर तिन्ही सारखीच लाल. मास्तरीणबाईंची खूण एकच, जागा! खिडकीजवळ सौम्य, मध्ये मध्यम, दाराजवळ तिखट. धुतलेल्या बाटल्या उपड्या घातलेल्या, बाजूला टोपणं. हिरवं सौम्यला, पिवळं मध्यमला, लाल तिखटाला.

"मी छापखान्यातून लेबलं घेऊन आलेच," पायात चपला सरकवत त्या म्हणाल्या. "आल्यावर मीच भरेन. अहो, तुम्ही फक्त बसा. हात लावू नका कशाला."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर पाळण्यात तरी घातलं असतं!" म्हणत त्या गेल्या.

मास्तर बसले. पाय हलवला. दुसरा पाय हलवला. मग त्यांना ओट्यावर एक डाग दिसला.

आता तुम्हीच सांगा, हॉटेलच्या बाई येणार आणि ओट्यावर डाग! मास्तरांनी तिन्ही पातेली उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली, ओटा घासला, पुसला, तिरपी मान करून चकाकी पाहिली आणि पातेली उचलायला वळले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की खिडकीजवळचं पातेलं कोणतं, हे आता फक्त पातेल्यालाच माहीत आहे.

दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. पण मास्तर? पांढऱ्याच्या शंभर छटा डोळे झाकून सांगणारा माणूस! त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा कापला, तिन्ही सॉसचे तीन ठिपके बोटाने ओढले आणि खिडकीत उजेडाला धरले.

"हा डाळिंबी. हा विटकरी. आणि हा शेंदरीकडे झुकलेला! सरळ हिशेब आहे. रंगात दम जास्त तो गडद. म्हणजे डाळिंबी तिखट, विटकरी मध्यम, शेंदरी सौम्य!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. "डोळ्यांनी तिखट कळतं होय? मग देवाने जीभ काय पाकिटं चिकटवायला दिलीय?"

मास्तरांना ते लागलं. पित्त गेलं खड्ड्यात! त्यांनी शेंदरी पातेल्यातला चमचाभर सॉस तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उजळला. "गोड! आई, फळासारखा गोड आहे! मी म्हटलं नव्हतं?" आणि लगेच, गिळतोय न गिळतोय तोच, दुसरा चमचा डाळिंबीचा.

तो जिभेवर टेकला मात्र! टाळूपासून कानापर्यंत जाळ उठला. मास्तर टेबलाभोवती गोल फिरले, नळाखाली तोंड धरलं, मग पंख्याखाली जीभ धरली.

"हाच तिखट!" ते हाश्श हुश्श करत ओरडले. "बघा! डोळा आणि जीभ, दोघांची साक्ष एक!"

"विटकरी राहिला की," सासूबाई म्हणाल्या.

"मधला तो मधलाच असणार! त्यात काय चाखायचं?" असं म्हणून त्यांनी धडाधड बाटल्या भरल्या आणि पातेली परत ओट्यावर नेऊन ठेवली. शेंदरीला हिरवं टोपण, डाळिंबीला लाल. मग त्याच बोटाने, ज्या बोटाने पुठ्ठ्यावर ठिपके ओढले होते त्याच बोटाने, कपाळावरचा घाम टिपला आणि जाता जाता उजवा डोळा चोळला.

घंटा वाजली तेव्हा मास्तर डोळ्यावर ओलं फडकं धरून नाचत होते. दारात मास्तरीणबाई आणि त्यांना फाटकातच भेटलेल्या हॉटेलच्या बाई. बाई उंच, कडक, खांद्याला पिशवी. मास्तरांनी फडकं पाठीमागे लपवलं आणि हसून स्वागत केलं. उजवा डोळा मिटला. उघडला. परत मिटला.

बाईंनी पिशवी पोटाशी धरली. "हे डोळा का मारताहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"धूळ गेलीय!" मास्तरीणबाई घाईने म्हणाल्या आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "बाटल्या कुणी भरल्या?"

"मी! तुझा वेळ वाचवला."

"पातेली हलवली नाहीत ना?"

"पातेली जिथल्या तिथे आहेत," मास्तर म्हणाले. त्या क्षणी ती जिथे होती तिथेच होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

टेबलावर तीन बाटल्या आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मांडल्या गेल्या. बाईंनी हिरव्या टोपणाची बाटली उचलली, उजेडात धरली, वास घेतला. "रंग छान आलाय हो." मास्तरांची छाती फुगली, डोळा मिटला, बाईंनी खुर्ची पलीकडे सरकवली. मास्तरीणबाईंचे हात पदराशी चाळा करत होते.

आणि कोपऱ्यात सासूबाईंनी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, लाल टोपणाच्या बाटलीत बटाट्याची फोड बुडवली. मिटक्या मारत खाल्ली. दुसरी बुडवली.

"जावईबापू," त्या मास्तरांच्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "हा तुमचा तिखट? माझ्या कवळीलासुद्धा पत्ता लागला नाही!"

मास्तर पाहतच राहिले. लाल टोपणाचा सॉस सौम्य? मग इतका वेळ तोंडात जो वणवा पेटलाय तो कुणी लावला? दोनच तर चमचे घेतले होते. पहिला गोड लागला होता आणि दुसरा टेकताच... टेकताच! दुसऱ्याला पेटायला वेळ तरी कुठे मिळाला होता? आग पहिल्याचीच होती! तो शेंदरी चोर आधी गोड बोलून आत शिरला होता, आणि मास्तरांना थांबायला सवड नव्हती म्हणून आळ आला होता बिचाऱ्या दुसऱ्यावर!

समोर बाईंनी हिरव्या टोपणाच्या बाटलीतून चमचा भरला. काठोकाठ. लहान पोरांना चालतो म्हणे, मग कंजुषी कशाला? चमचा ओठांपर्यंत गेला.

"थांबा!"

मास्तर टेबल ओलांडून झेपावले, बाईंच्या हातातला चमचा हिसकावला आणि दुसरं काहीच न सुचल्यामुळे स्वतःच्या तोंडात रिकामा केला!

आधी तो मेला गोड लागला. मग आला.

मास्तरांनी खुर्ची धरली आणि बसले. तोंड उघडलं असतं तर किंकाळी फुटली असती, म्हणून ओठ घट्ट मिटले. उठले असते तर सरळ नळाकडे पळाले असते, म्हणून दोन्ही हातांनी खुर्चीचे कठडे धरले. पाय हलेना, मान हलेना. कान पिकल्या टोमॅटोसारखे झाले आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"अहो," बाई चकित होऊन म्हणाल्या, "यांना इतका आवडतो सॉस?"

मास्तरीणबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा मूर्तीसारखा बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी हिरव्या टोपणाची बाटली उचलली, नाकाशी नेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, काहीतरी थाप मारावी. मग त्या सरळ म्हणाल्या, "बाई, खरं सांगते. टोपणं उलटीपालटी झालीयत. हा सौम्य नाही, हा आमचा सगळ्यात जहाल. तुम्ही खाल्ला असता तर परत माझं तोंड पाहिलं नसतं. यांनी तो स्वतः गिळला, म्हणून तुम्ही वाचलात."

"आणि सौम्य कोणता?"

"हा," सासूबाईंनी लाल टोपणाची बाटली पुढे सरकवली. बरीच रिकामी झाली होती.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग चमच्याच्या टोकावर थेंबभर घेऊन जिभेवर ठेवला. डोळे मिटले. आणि थांबल्या. थांबल्याच! मास्तर खुर्चीत जळत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, बोला हो बाई, बोला एकदाचं!

"आधी चमचा भरला तीच माझी चूक," डोळे उघडून बाई म्हणाल्या. "तिखट मागून येतं. थांबल्याशिवाय कळत नाही." त्यांनी दुसरा थेंब घेतला. परत थांबल्या. मग चक्क हसल्या. "फारच सुंदर. हाच हवाय मला. दर आठवड्याला पाठवा. फक्त एक करा, टोपण लालच ठेवा."

"लाल? सौम्यला?"

"आमच्याकडे टेबलावर बसलेला प्रत्येक पुरुष बायकोपोरांसमोर लाल टोपणाचीच बाटली उचलतो. मग ठसका लागतो आणि पाण्याचे जग घेऊन माझी माणसं धावतात. ह्याने मिजासही राहील आणि तोंडही भाजणार नाही."

बाई गेल्या. सासूबाईंनी पुठ्ठ्यापासून दोन चमच्यांपर्यंत सगळी हकीकत लेकीला सांगून टाकली. मास्तरीणबाईंनी दार लावलं, थंड दुधाचा पेला आणून नवऱ्याच्या हातात दिला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मास्तरांनी दूध घटाघट प्यायलं. बोलणी खायची तयारी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, हसता हसता डोळे पाणावले, "जन्मभर गिऱ्हाइकांना काय सांगत होतात? रंग आधी वाळू द्यावा..."

"...मग बोलावं," मास्तर जड जिभेने पुटपुटले.

"आणि दोन चमच्यांच्या मध्ये घोटभर पाणी प्यायलासुद्धा थांबता आलं नाही तुम्हाला!"

"त्यांना बोलू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. जावयाची बाजू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतली होती. "किती शहाण्यासारखे बसले होते! मी तर म्हणते, रोज एक चमचा देत जा."

आता दर आठवड्याला लाल टोपणाच्या बाटल्या हॉटेलात जातात. हिरव्या टोपणाची ती एक बाटली मात्र घरीच, स्वयंपाकघराच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे. मास्तर उठून खुर्चीला हात घालायला लागले, की मास्तरीणबाई काही बोलत नाहीत. नुसत्या त्या फळीकडे बघतात.

आणि शेडमास्तर, खुर्ची असेल तिथेच, मुकाट्याने बसतात.