अर्धा आला की पुढं

पैज मावशीनं लावली, पण गळ्यात पडली ती उद्योगीच्या. घरात त्याला सगळे उद्योगी म्हणायचे, कारण त्यानं हात लावलेली वस्तू पुन्हा कधी धड चालत नसे.

"तू पिटुकलीला गणित शिकवणार? तुला स्वतःला अकरा मार्क आहेत," मावशी म्हणाली.

"अकरा म्हणजे काय शून्य नव्हे."

"बरं. शुक्रवारी बाई तोंडी घेणारेत. पाव, अर्धा, पाऊण आणि ते राउंड करणं. पोरीला आलं तर माझी सायकल तुझी. पण शिकवताना घरातली एक जरी वस्तू मोडलीस, तर सायकल विसरायची."

उद्योगीला फक्त सायकल ऐकू आली. तो म्हणाला, "लागली पैज."

राउंड करणं त्यानं पाच मिनिटांत उरकलं. "हे बघ, बत्तीसला तीस जवळ, म्हणून मागं जायचं. अडतीसला चाळीस जवळ, म्हणून पुढं."

"आणि पस्तीस?" पिटुकलीनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, विचारलं.

"पस्तीस मधोमध. मधला कायम पुढं. साडेतीन असले तरी चारच धरायचे. अर्धा आला की पुढं, बास."

"का?"

"नियम आहे." (कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. अकरा मार्क काय उगाच पडतात?)

पाव-अर्ध्यानं मात्र घाम काढला. त्यानं बिस्किटाचे दोन भाग केले, पिटुकलीनं एक खाल्ला. उरलेल्याचे दोन केले, तिनं तेही खाल्ले आणि विचारलं, "आता?" तेव्हा खाता येणार नाही असं काहीतरी हवं म्हणून तो पुढच्या खोलीत गेला. तिथं बाबांचं शिंपीकाम चाले. बाबा आत जेवत होते. टेबलावर त्यांची माप घ्यायची टेप होती, साठ इंची.

कात्री एकदा चालली. "हे अर्धं." दोन्ही तुकड्यांवर पुन्हा चालली. "हे पाव. असे तीन म्हणजे पाऊण." पिटुकलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उद्योगीच्या डोक्यातही पडला, जरा उशिरा.

बाबांचं ताट सरकल्याचा आवाज येईपर्यंत त्यानं चारही तुकडे डिंकानं चिकटवले. पक्के बसावेत म्हणून प्रत्येक जोडाला एक तुकडा दुसऱ्यावर इंचभर चढवला. वरून चिकटपट्टी. बाबा आले, टेप गळ्यात टाकली आणि कामाला लागले. तीस वर्षांच्या सवयीनं ते आकडा बघायचे, टेप नाही.

दुसऱ्याच दिवशी पिटुकलीच्या वर्गाच्या बाई कोट शिवायला आल्या.

"कंबर छत्तीस," बाबा म्हणाले आणि वही चाळून थबकले. "मागच्या खेपेला चौतीस होती."

बाईंचा चेहरा पडला. पिटुकलीला राहवलं नाही. "छत्तीस म्हणजे चाळीस, बाई."

तरीही शुक्रवारी बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले. (थोर बाई.) संध्याकाळी सायकल दारात उभी राहिली. उद्योगीनं तिला तीनदा पुसलं.

पुढच्या आठवड्यात बँकेचा वॉचमन नवी पँट एका हातानं धरून आला. "उस्ताद, एक हात सलाम ठोकायला लागतो. दुसऱ्यानं ही धरली, तर साहेबांना दार काय डोक्यानं उघडू?"

मागोमाग बाई आल्या, कोट अंगावर पोत्यासारखा, पण तोंडभर हसू. "आठ दिवस साखर सोडली आणि बघा, दोन इंच उतरले."

बाबा हसले नाहीत. त्या दिवशी जेवताना ते आईला म्हणाले, "माप तेच, कापलं तसंच, आणि सगळं ढगळ. माझा हात गेला आता. मशीन विकावं म्हणतो."

उद्योगीनं हातातला घास ताटात ठेवला. जेवण झाल्यावर त्यानं बाबांना छत्तीस कमरेची आणखी एक पँट कापताना पाहिलं. ते कमरेची चौथाई धरून कापायचे, नऊ-नऊ इंच. आणि नऊ इंचांत टेपचा पहिला जोडसुद्धा येत नव्हता. अंगाभोवती मात्र ती दोन जोडांवरून जाई आणि दोन इंच वाढवून सांगे. म्हणजे माणसावर खोटी, कापडावर खरी. आयुष्यात पहिल्यांदा उद्योगीला गणित समजलं, तेही नको तेव्हा.

त्यानं दाराकडे पाहिलं. सायकल चमकत होती. मग बाबांच्या हाताकडे पाहिलं. कात्री धरून तो हात नुसताच थांबला होता.

"बाबा, हात नाही गेला तुमचा. टेप गेलीय." त्यानं जोड दाखवले. बाबांनी चष्मा पुसून एकेक जोड बोटानं चाचपला. मावशी भांडी पुसत दारात येऊन उभी राहिली.

"कुणी केलं हे?" बाबांनी शांतपणे विचारलं.

"पाव चूक माझी आहे," उद्योगी म्हणाला.

"आणि बाकीची पाऊण?"

"ती... शिक्षण खात्याची." कुणी हसलं नाही. त्यानं सायकलवर शेवटची नजर टाकली. "बरं, अर्धी माझी. अर्धी पिटुकलीची. तिला बिस्किटावर समजलं असतं तर कात्री लागलीच नसती."

पिटुकली वहीत रंग भरत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"दादा, अर्धा आला की पुढं," ती म्हणाली. "अख्खी तुझीच."

उद्योगीनं निमूटपणे सायकलची किल्ली मावशीच्या हातावर ठेवली. नियम त्यानंच शिकवला होता.