सहा मिनिटांची चाल

शामकलाबाईंच्या फुप्फुसांचा सारा कारभार यादोरावांच्या खिशात होता. चुलीच्या धुराने बाईंना दम लागायचं जुनं दुखणं जडलेलं. रोजची खबर ठेवायला दवाखान्याने ॲप दिलं, आणि फोन घरात एकच. तो यादोरावांचा.

ॲप रोज सकाळी विचारायचं, "आज दम लागतो का?" यादोराव ओट्यावर बसून उत्तर द्यायचे, "नाही." फसवायचा हेतू मुळीच नव्हता. कोणीही विचारपूस केली की बायकोच्या वतीने 'बरी आहे' म्हणायचं, हे काम ते अडतीस वर्षं निष्ठेने करत आले होते.

मग ॲपने फर्मान काढलं : फोन खिशात ठेवून रोज सहा मिनिटं चाला. बाईंच्या लुगड्याला खिसा कुठला? यादोरावच तलावाच्या पाळीवर झपझप चालून येऊ लागले. ॲप खूश! "शाब्बास, शामकलाताई!" ते त्यांनी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. खोकल्याच्या उबळीत बाईंना धड ऐकूही आलं नाही.

महिनाभरात ताई फोनमध्ये इतक्या सुधारल्या, की गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमाल आहे! आता श्वासाचा पंप दोनऐवजी एकच वेळ घेतला तरी चालेल. बरं वाटतं ना?"

त्या पंपावर तर शामकलाबाईंचा दिवस निघत होता. त्यांनी तोंड उघडलं.

"एकदम मस्त आहे जी," यादोराव म्हणाले.

नर्स प्रेरणा मात्र फोनकडे बघतच राहिली. "आई, सहा मिनिटांत सहाशे मीटर? मलाही जमत नाही. जरा चालून दाखवा ना. फोन हातात घ्या."

बाई व्हरांड्यात निघाल्या. दुसऱ्या खांबापाशीच त्यांनी भिंत धरली. 'आज दम लागतो का?' याचं उत्तर प्रेरणाने त्यांच्याच बोटाने दाबून घेतलं, आणि फोन लालभडक होऊन किंचाळू लागला.

"मशीन बिगडली वाटते," यादोराव म्हणाले.

"मशीनले काऊन नाव ठेवता?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "तिनं आज पहिल्यांदा मले इचारलं."

यादोरावांना खरोखर लाज वाटली. पंप दोन्ही वेळचा कायम राहिला.

बाहेर ऑटो उभा होता. यादोराव वाकून म्हणाले, "दम लागून राहिला काय वं?" उत्तर सवयीने त्यांच्याच जिभेवर आलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं. ऑटोवाला भोंगा वाजवू लागला.

"बोल ना!" यादोराव म्हणाले.

"थांबा जी." बाई दवाखान्याच्या पायरीवर ऐसपैस बसल्या. "अडतीस वर्सांनी इचारलं, तं जरा इचार करू द्या."