आउथवेट सरांची वाटणी

"बोर्डाचा कॉम्प्युटर एक वेळ चुकेल, पण वाटणीत क्लिफर्ड आउथवेट चुकायचा नाही!"

दर ऑगस्टात, निकालाच्या सकाळी, आउथवेट सर हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत चहाचा मग उंचावून म्हणायचे. यॉर्कशरमधल्या त्या छोट्याशा कॉलेजात गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे कुणी वाद घालायचं नाही. चहा गार होतो, दुसरं काय!

ते दिवसच निराळे होते. आता दोन वर्षं घासायची आणि शेवटी एकदम सगळी परीक्षा द्यायची, बस्स. त्यात कसली आलीय गंमत? तेव्हा गणितात हुशार पोरं दोन विषय घ्यायची, एक मॅथ्स आणि दुसरा फर्दर मॅथ्स. दोन्ही मिळून बारा छोटे पेपर, म्हणजे मोड्यूल. सहा याच्या पदरात, सहा त्याच्या. काही मोड्यूल जागचे हलायचे नाहीत. पण मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिक्सवाले इकडेही चालायचे, तिकडेही. थोडक्यात, दोन भावांतली वाटणी! मॅथ्सच्या घरात मार्क उतू चाललेत आणि फर्दर दोन-चार मार्कांसाठी उपाशी, असं दिसलं की इकडचा जाडजूड पेपर उचलून तिकडे द्यायचा, तिकडचा किडकिडीत इकडे आणायचा, की दोघेही सुखी. या वाटणीपायी आउथवेट सर जेवण विसरायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं सुखी माणूस त्या कॉलेजात दुसरं नव्हतं.

त्या वर्षी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होती टॅम्सिन हॉल्रॉइड. सरांच्याच जुन्या विद्यापीठात तिला गणिताला जागा मिळत होती. अट एकच, दोन्ही विषयांत ए. निकाल हातात आला आणि सरांचा चेहरा उतरला. मॅथ्समध्ये ए, फर्दरमध्ये बी. चार मार्कांनी!

"अशक्य!" सर कडाडले. "जॉइस, बिस्किटं आणा!"

जॉइस म्हणजे कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या बाई. त्यांनी निमूटपणे डबा पुढे केला. सरांनी दोन बशा मांडल्या, मॅथ्सची आणि फर्दरची. दोन्हींत सहा-सहा बिस्किटं. प्रत्येकाखाली मार्कांची चिठ्ठी.

दारात टॅम्सिन उभी होती. "सर, मला जरा सांगायचं होतं..."

"रडू नकोस, पोरी! मी आहे!"

"मी रडत नाहीये, सर."

"शाब्बास! अशीच खंबीर राहा."

सरांनी मॅथ्सच्या बशीतलं मेकॅनिक्सच्या पहिल्या पेपरचं बिस्किट उचललं. ते चांगलं गुटगुटीत, पंचाण्णव मार्कांचं. ते फर्दरच्या बशीत टाकायचं आणि बदल्यात तिथलं स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या पेपरचं इकडे आणायचं. आणायचं, पण ते होतं कुठे?

शेजारी प्राचार्या हॅलिवेलबाई चहात काहीतरी बुडवत होत्या.

"बाई! तुम्ही स्टॅटिस्टिक्स खाल्लंत!"

"जरा मऊच होतं," बाई म्हणाल्या.

"पंच्याहत्तर मार्क होते ते!"

नवं बिस्किट ठेवून पुन्हा बेरीज झाली. मॅथ्समध्ये ए, आणि फर्दरमध्येही ए! चांगले सोळा मार्क वर! सर खुर्चीवरून ताडकन उठले. "लुबाडलं! बोर्डाच्या यंत्रानं भरदिवसा पोरीला लुबाडलं!"

आता हॅलिवेलबाई म्हणजे आधीच उत्साही व्यक्तिमत्त्व. निकालाच्या आनंदात उड्या मारणाऱ्या मुलींचा फोटो घ्यायला गावच्या वर्तमानपत्राचा माणूस हिरवळीवर आलाच होता. बाईंनी त्याला दंडाला धरून वर आणलं. "यंत्राचा बळी! ही बघा आमची अभागी मुलगी!"

"जरा दुःखी दिसता का?" त्यानं कॅमेरा सरसावत विचारलं.

"पण मी दुःखी नाहीये हो!" टॅम्सिन कळवळून म्हणाली. "सर, एक मिनिट ऐकाल का?"

"बोर्ड आधी, तू मग!" सरांनी फोन फिरवला. बराच वेळ 'कृपया थांबा'ची बासरी वाजली. मग एक थंड आवाज आला. सरांनी त्या आवाजाची पार चटणी केली. तुमचं यंत्र आंधळं आहे का? मेकॅनिक्स हलवायला त्याचे हात मोडले होते का?

"सर," आवाज शांतपणे म्हणाला, "या मुलीच्या मॅथ्सचा निकाल गेल्या वर्षीच घेतलाय. ते सहा पेपर तिथं कुलूपबंद झाले. फर्दरबरोबर मॅथ्सच्या निकालाचीही पुन्हा मागणी केली असती, तर यंत्रानं सगळे बारा पेपर मोकळे करून नव्यानं वाटणी केली असती. तुमच्या कॉलेजनं मागणीच केली नाही."

"कोण गाढव तो?" सर गरजले आणि जॉइसकडे वळले.

जॉइस खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी एप्रिलमध्ये विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मॅथ्सला ए मिळालाय, उगाच कशाला उकरून काढता."

फोटोवाल्यानं सरांचाच एक फोटो काढला.

सरांचा आवाज एकदम लहान झाला. "आता... काही होऊ शकतं का हो?"

"होऊ शकतं," आवाज म्हणाला. "आजच मागणी पाठवा. फक्त उमेदवाराची सही लागेल."

सरांच्या जिवात जीव आला! त्यांनी अर्ज टेबलावर आपटला, पेन उघडलं आणि टॅम्सिनपुढे धरलं. "कर सही! तुझं विद्यापीठ तुला मिळालंच समज!"

"नाही," टॅम्सिन म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मला ए नकोय, सर. ए मिळाला की पहिल्या पसंतीला, म्हणजे तुमच्या विद्यापीठातच, जावं लागेल. बी मिळाला म्हणून आज सकाळीच मला दुसऱ्या पसंतीची जागा पक्की झाली. ते स्कॉटलंडमधलं, समुद्रकाठचं. मला पहिल्यापासून तिथंच जायचं होतं."

सर मटकन खाली बसले. "मग पहिली पसंती...?"

"तुमच्या विद्यापीठाबद्दल तुम्ही दोन वर्षं इतकं मायेनं सांगत होतात. ती नदी, तो जिना, ते तुमचे प्रोफेसर. सांगताना तुमचे डोळे भरून यायचे. मला नाही म्हणवेना, सर."

सरांनी पुढे धरलेलं पेन मागे घेतलं. पोरीनं आपलं मन राखायला केवढा उपद्व्याप केला होता! आणि आपण तिला एक वाक्यही पुरं बोलू दिलं नव्हतं. त्यांना स्वतःची अगदी मनापासून लाज वाटली.

"पण नेमके चार मार्क," ते पुटपुटले. "नशीब म्हणायचं."

टॅम्सिन बुटांकडे बघू लागली. "नशीब नाही, सर. मॅथ्स कुलूपबंद राहणार हे एप्रिलमध्ये मी दारातून ऐकलं होतं. मग फर्दरला किती कमी पडायला हवेत ते काढलं, आणि मेकॅनिक्सच्या दुसऱ्या पेपरातलं शेवटचं गणित सोडून दिलं. जास्त सोडलं असतं तर सी आला असता."

"माझ्या मेकॅनिक्समधलं?" सर ओरडले.

"तेच तेवढं हमखास येत होतं, सर. त्यामुळे किती मार्क जातील ते पक्कं माहीत होतं."

सर सावकाश उठले, पेनाचं टोपण लावलं आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हिचा नीट फोटो घ्या. एवढ्या वर्षांत वाटणी समजलेली ही एकच निघाली, आणि तीसुद्धा माझ्या तावडीतून सुटायला!"