गल्लीच्या मधोमध रेष

आण्णा चौगुले नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "पावणं, वॉर्ड कुठला तुमचा?" इथूनच सुरुवात. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. नवरा मुलगा गडबडून "राजारामपुरी" म्हणाला, तर आण्णा म्हणाले, "राजारामपुरीत वॉर्ड काय एकच हाय व्हय?" सोयरीक मोडता मोडता वाचली.

आण्णा आमचे शेजारी. शिरोलीच्या एका फौंड्रीत ड्रॉइंगं काढण्यात सगळी हयात गेली, लग्न राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरातल्या वॉर्डांच्या हद्दी काढायला घेतल्या. देवाच्या तसबिरीशेजारी वॉर्डांचा नकाशा, आणि तोंडात एकच पालुपद, "हद्द म्हंजे हद्द." कोपऱ्यावरच्या भाजीवालीची पाटी हद्दीवर आली, तर तिला हातभर अलीकडं सरकायला लावत.

नव्या शिरगणतीनंतर वॉर्ड पुन्हा पाडायचं ठरलं. नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला आणि आण्णा धापा टाकत माझ्याकडे आले.

"मास्तर, घात झाला की ओ. रेष आपल्या गल्लीतनं गेलीया, मधोमध. आपली बाजू ह्या वॉर्डात, समोरची पल्याड."

"मग बिघडलं काय?"

"दादा मतदानाला दुसऱ्या शाळंत जाणार."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. अगदी समोरच्या घरात राहायचे. मोरीच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली होती. बोलणं बंद, जाणं-येणं बंद. फक्त पालिकेच्या मतदानाच्या दिवशी आण्णा सकाळपासून खिडकीत बसत. दादा निघाले की टोपी घालून निघत आणि रांगेत बरोबर त्यांच्या मागं उभे राहत. पाच वर्षांतून एकदा, तासभर. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. त्यांची धाप बघून मला हसू आलं होतं, त्याची लाज वाटली.

आम्ही हरकत घेतली. पालिकेतले साहेब म्हणाले, "अख्खी गल्ली एका वॉर्डात बसत असेल तर बसवू. डोकी मोजून आणा."

मग काय विचारता, गल्लीत लगीनघाई उडाली. आण्णा पुढं, वही घेऊन मी मागं. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक धरायची की नाही, यावर शिंदेवहिनींशी अर्धा तास हुज्जत. "न्हाय धरायची. ती सासरच्या हद्दीतली." वहिनींनी चहा विचारला नाही.

शेवटी एकच घर राहिलं. तिथं मी एकटा गेलो. दादा सुपारी कातरत बसले होते. "सात," म्हणाले.

आकडा ऐकून आण्णा उसळले. "सात कसं? दादा, वैनी, पोरगा, सून, दोन नातवंडं. सहाच की. खोटा आकडा चालायचा न्हाय मास्तर. सातवा कोण?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, 'धाकटा ऱ्हातोय की समोर.'"

आण्णांनी माझ्या हातातली वही घेतली. मग खोडरबर घेतलं, स्वतःच्या घरापुढचा एकाचा आकडा पुसला आणि तिथं शून्य घातलं.

"एक माणूस दोन घरात मोजून चालत न्हाय," म्हणाले.

पुढं ती रेष सरकली, अख्खी गल्ली एका वॉर्डात राहिली. पण त्या संध्याकाळी आकड्यांखाली दादांची सही आणायला आण्णांनी मला पाठवलं नाही. वही घेऊन, पायात चपलासुद्धा न घालता, ते स्वतःच गल्ली ओलांडून गेले.