तोंड उघडलं की शिट्टी

नाक्यावर शिपायानं हात दाखवून व्हॅन थांबवली, तेव्हाच पुंडलिकरावांचं डोकं तापलं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि चोरटी दारू येते ती याच नाक्यावरून. म्हणून वास ओळखणारं यंत्र आणा, असा मोर्चा मागल्या वर्षी त्यांनीच काढला होता. ते यंत्र आता त्यांच्याच गाडीवर रोखलेलं होतं, आणि तेही मागच्या सीटवर प्रभाकरराव बसलेले असताना.

प्रभाकरराव म्हणजे नागपूरचे मुलाचे वडील. पुंडलिकरावांची मुलगी प्रेरणा त्यांना सून म्हणून पसंत होती. अट एकच, घराला दारूचा वास नको. केळझरच्या गणपतीपुढे नारळ ठेवून ते शब्द देणार होते आणि तोवर ‘व्याही’ म्हणायला तयार नव्हते. मघाशी वाटेत निंबाखाली डबे सोडून जेवणं झाली, तेव्हाही पुंडलिकरावांना ‘दुकानदारसाहेब’च म्हणणं चाललं होतं. जेवल्यावर हात धुवायलासुद्धा ते आपली पिशवी घेऊन झाडाआड गेले, एवढे सोवळे.

“काऊन थांबवलं? आमी काय दारूवाले दिसतो काय?” पुंडलिकराव खिडकीतून कडाडले.

यंत्रानं शिट्टी मारली. लाल दिवा लागला.

“उतरा, काकाजी,” शिपाई किसनराव म्हणाले.

डिकी उघडली. वांग्याच्या भाजीचा डबा, अनारसे, हार, नारळ. यंत्र सगळ्यांवरून फिरलं, पण हूं की चूं नाही.

“पाहा! भंगार आणून ठेवलं सरकारनं!”

यंत्र पुन्हा किंचाळलं. किसनराव चक्रावले. त्यांनी पुढची सीट उचलली, स्टेपनी काढली. सामानाजवळ यंत्र मुकं, आणि पुंडलिकरावांनी शिवी घातली की शिट्टी. मागे ट्रकांची रांग लागली. एकानं हॉर्न वाजवला, त्यालाही शिवी, त्यावरही शिट्टी.

“तुमी जरा चूप राहा न,” त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई कळवळून म्हणाल्या.

“काऊन चूप राहू? जन्मात थेंबाले शिवलो नाई मी!”

शिट्टी.

आता किसनरावांच्या डोक्यात उजेड पडला. “काकाजी, यात फुंका बरं.”

“फुंकतो! अन् काही नाई निघालं तं तुमची नोकरी राह्यत नाई!”

पुंडलिकराव फुंकले आणि यंत्र थांबेचना. प्रभाकरराव ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होते. सोयरीक मोडली, हे पुंडलिकरावांना त्या चेहऱ्यावरच दिसलं.

“बाई, काय घेतलं यायनं?” किसनरावांनी विचारलं.

प्रमिलाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. “द्राक्षासव. वैद्याचं. जेवल्यावर, पोटासाठी.”

किसनरावांनी वास घेतला. “औषधच आहे. पण हे दोन चमचे घ्यायचं असते.”

“हे पेलाभर घेतात.”

“औषध आहे ते!” पुंडलिकराव गरजले.

“औषध आहे तं बाटली संपली का ताट काऊन फेकता?” बाईंनी एवढ्या वर्षांचा राग भर नाक्यावर काढला.

पुंडलिकराव दुसरीकडेच उसळले. “मलेच काऊन? यायचंही तपासा! सगळ्यायचं तपासा!”

यंत्र प्रभाकररावांकडे वळलं. त्यांनी तोंड न उघडता नुसती मान हलवली.

“बोला न! तुमाले कशाचं भेव?” पुंडलिकराव ओरडले.

“मले कशाले राहीन भेव?” प्रभाकररावांना शेवटी राहवलं नाही.

यंत्रानं अशी शिट्टी मारली की रांगेतले ट्रकवाले खाली उतरून आले.

प्रभाकररावांनी मांडीवरची पिशवी हळूच पायाशी सरकवली. आत काच वाजली. मग ते खिडकीतून बाहेर वाकले आणि पुंडलिकरावांच्या कानाशी लागले.

“व्याही, तुमचा वैद्य कोनता?”