तंगव्वाचं बाळंतपण

आप्पा कुणाला नमस्कार करत नसत, ते वजन सांगत.

"या मास्तर. एकसष्ट." आणि पुढच्या खेपेला, "काय ओ, साठाच्या आत आलासा! जेवताय न्हवं?"

पहिल्यांदा माणूस हसायचा. दुसऱ्यांदा घरी जाऊन आरशासमोर उभा राहायचा. मी मुळातच भित्रा. आप्पांनी एकदा "लई उतरलाईसा" म्हटल्यावर मी रक्त तपासून आलो होतो. रिपोर्टात काही नव्हतं. तरी महिनाभर मला शांत झोप लागली नाही.

राजारामपुरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आप्पा एकटे राहायचे. आम्ही त्यांच्या डोक्यावर. मूळचे नेसरीकडचे, लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. त्यांनी उभं आयुष्य मार्केट यार्डात तोलाईदार म्हणून घालवलं, म्हणजे गुळाचे रवे, त्या मोठाल्या ढेपा, काट्यावर चढवायचे आणि वजन ओरडून सांगायचं. काम सुटलं, ओरडणं सुटलं नाही. त्यांचा अंदाज बरोबर असायचा असंही नाही. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या बाबतीत तर तो दरवेळी चुकायचा, आणि ती तसं त्यांना अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायची.

"वैनी, काटा चुकतोय, मी न्हाय," आप्पा म्हणायचे.

माणसाचं वजन वाढलं तर त्यांना काही वाटत नसे. "वाढू दे की. वाढलेला माणूस समोर तरी दिसतोय. उतरणारा कुटं जाऊन थांबंल, काय सांगावं?" हे म्हणताना त्यांचा हात सदऱ्यावरून गळ्यातलं लिंग चाचपायचा. त्यांची बायको अशीच उतरत उतरत गेली होती. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळलं.

त्यांना एक लेक होती, गौरी. तिनं स्वतःच्या मनानं गारगोटीच्या एका मराठा मुलाशी लग्न केलं होतं. "ज्या घरात मटाण शिजतंय, तितलं पानीबी पिणार न्हाय," असं आप्पांनी तेव्हा जाहीर केलं, आणि तोलाईदाराचं जाहीर करणं गल्लीभर गेलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी गारगोटीचं नाव काढलं की ते रेडिओचा आवाज मोठा करायचे. रेडिओ बंद असला तरी त्यांचा हात बटणाकडे जायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. थंडीचे दिवस होते. एका सकाळी जिन्याखाली, माझ्या स्कूटरच्या मागे, एक तांबूस कुत्री व्याली.

मी स्कूटर काढायला वाकलो आणि अंधारातून असं गुरगुरणं आलं की मी किल्ली तिथेच टाकून वर पळालो. त्या दिवशी शाळेत चालत गेलो, दुसऱ्या दिवशीही. सुनंदा म्हणाली, "अहो, बाळंतीण आहे ती, वाघीण नाही." मला त्यातला फरक दिसत नव्हता.

आप्पांना मात्र तिच्या दातांची भीती वाटली नाही. दुसऱ्याच गोष्टीची वाटली. ते जिन्यापाशी उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले आणि हळू आवाजात, म्हणजे फक्त पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, हिच्या बरगड्या मोजता येत्यात."

त्यांनी तिचं नाव तंगव्वा ठेवलं. त्यांच्या घरात धाकट्या बहिणीला तसंच म्हणत. आणि नाव ठेवल्यावर तिचं बाळंतपण सुरू केलं.

बाळंतपण म्हणजे अगदी रीतसर बाळंतपण. अळिवाची खीर झाली. डिंकाचे लाडू झाले, त्यांचा वास जिनाभर दरवळला. मेथीची पेज झाली, वर तुपाची धार. जिन्याच्या तोंडाला पोत्याचा पडदा लागला, बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. एके दिवशी आप्पांनी शेगडीत ओवा टाकून धुरी दिली. इमारतभर सगळे खोकत बाहेर आले आणि तंगव्वाही एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली.

"आप्पा, ती कुत्री आहे," सुनंदा म्हणाली.

"व्हय की. पन बाळंतीन हाय का न्हाय?"

सुनंदा डोळे पुसत खिडक्या उघडायला वर गेली.

मग त्यांना तिचं वजन करायची हुक्की आली. हुकाला टांगायचा जुना काटा त्यांनी जिन्याच्या कठड्याला बांधला, खाली पोत्याची झोळी केली आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमी फकस्त मागचं पाय धरा." ते 'फकस्त' मला अजून आठवतं. मी डोळे मिटून हात पुढे केला. तंगव्वानं नुसती मान वळवली आणि मी स्कूटरच्या सीटवर उभा होतो. कसा चढलो ते मला माहीत नाही. झोळी एकीकडे गेली, काटा दुसरीकडे. आप्पांना मात्र तेवढ्यात काटा हलताना दिसला होता.

"उतरलीया," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. "एवडं तूप घालतोय, तरी उतरलीया!"

खरं होतं ते. रोज दिसत होतं. तिची पिल्लं गुबगुबीत होत चालली होती आणि ती वाळत होती. तूप तिला पचत नव्हतं, पोट बिघडलं होतं. आप्पा घाबरून आणखी तूप घालायचे. मला आता तिच्या गुरगुरण्याची सवय झाली होती. ते दिवसेंदिवस बारीक होत गेलं, तेव्हा मला जास्त भीती वाटायला लागली. शाळेतून येताना मी जिन्यापाशी थांबून कान द्यायचो. गुरगुर ऐकू आली की बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती. लाडवाची थाळी भरलेली असायची, पण पाण्याची वाटी, अगदी एवढीशी वाटी, कोरडी असायची. मला वाटायचं, आप्पा बघतील. पडद्याच्या आत हात घालायची माझी हिंमत नव्हती. त्या कोरड्या वाटीवरून मी रोज वर जात राहिलो.

मग एका रविवारी सकाळी आप्पांची हाक आली. शब्द नव्हते, नुसतंच "ओ... ओ..." चालू होतं. मी खाली धावलो. तंगव्वा आडवी पडली होती. चारही पाय ताठ झाले होते, अंग थरथरत होतं, जीभ बाहेर आली होती. पिल्लं तशातही तिच्या पोटाला झोंबत होती, ओढत होती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हातांनी गळ्यातलं लिंग धरून.

सुनंदानं रिक्षा आणली. पिल्लं तिनं टोपलीत घातली. तंगव्वाला चादरीत गुंडाळून आप्पांनी मांडीवर घेतलं. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर बसलो आणि मागे बघायचं टाळत राहिलो.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शिरेतून इंजेक्शन द्यायला घेतलं, इतकं सावकाश की मला वाटलं, संपेपर्यंत कुत्री संपेल. हळूहळू ती थरथर कमी झाली. पाय सैल पडले. मग बाईंनी विचारलं, "खायला काय घालता?"

आप्पांनी सगळं सांगितलं. खीर, लाडू, पेज, तूप, ओव्याची धुरी. बाई ऐकत राहिल्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या ते दाबत होत्या.

"आणि पाणी?"

"पानी कमीच," आप्पा जरा अभिमानानंच म्हणाले. "बाळंतिनीनं पानी पिलं की प्वाट सुटतंय. आमच्यात वाटीभरच देत्यात."

बाईंचं हसू गेलं. "आजोबा, दूध कशाचं होतं? हिच्या अंगातलं सगळं दुधातून पिल्लांत चाललंय. हाडांतलंसुद्धा. आणि तुम्ही पाणी तोडलंत?"

आप्पांनी तंगव्वाच्या बरगड्यांवर हात ठेवला.

बाईंनी मग नीट समजावलं. पिल्लांना एक-दोन दिवस तिच्यापासून वेगळं ठेवून वरचं दूध पाजा, तिला गोळ्या द्या. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागेल, पण एकदम नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. तूप बंद. भात-भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, मटण नाहीतर कोंबडी, बिनमसाल्याचं. आणि पाण्याचं भांडं कायम भरलेलं. "बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्यांना दिसता कामा नये. एवढं बघत चला."

परतताना रिक्षात आप्पांनी एकच विचारलं. "मास्तर, अंडं म्हंजे... अंडंच?"

"अंडंच, आप्पा."

त्या दुपारी आप्पांनी जे केलं, ते गल्लीत पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं. पावसाचं चिन्ह नसताना छत्री उघडून, ती तोंडासमोर धरून ते मटणाच्या दुकानापुढे उभे राहिले. कपाळाची विभूती छत्रीखालून दिसतच होती.

"या पावणं!" दुकानदार ओरडला. "आप्पा? तुमी? रस्सा करायचा बेत हाय काय?"

"बाळंतिनीसाटी पायजे," छत्रीमागून आवाज आला. "हळू बोल की रं! गावाला ऐकू जातंय."

गावाला दुकानदाराचं नव्हे, आप्पांचंच ऐकू गेलं.

मटण आणि अंडी आमच्या स्वयंपाकघरात शिजायची. आप्पा दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे. 'अंडं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "वैनी, ते पांढरं बटाटं झालं काय?" असं विचारायचे. पण पहिल्या दिवशी हात लांब धरून ताटली नेणारा माणूस आठवड्याभरात अंडं स्वतः सोलायला लागला, कारण सुनंदा साल नीट काढत नाही असं त्याचं मत झालं होतं. पाण्याला तर त्यांनी बादलीच ठेवली. शाळेत जाता-येता मीही त्यात तांब्या ओतायचो. तंगव्वा माझ्याकडे बघायची. गुरगुर पुन्हा मोठी झाली होती. मला आनंदही व्हायचा आणि तांब्या रिकामा होताच मी पळही काढायचो.

आप्पा रोज तिच्या कुशीवरून हात फिरवायचे. "हाताला लागतीया," ते सांगायचे. "डोळ्याला दिसंना झालीया."

ती भरली. पिल्लं डोळे उघडून जिन्यात लुडबुडायला लागली. आता आप्पांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. मी समोरून आलो तरी वजन सांगेनात. मी स्वतःहून विचारलं, "आप्पा, आज किती?" तर म्हणाले, "हं? बरं हाय की." मला पुन्हा रक्त तपासावंसं वाटायला लागलं.

एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. पाठ करून नाही, तोंड आत करून. सुनंदा कणीक मळत होती.

"वैनी, एक इचारू?"

"विचारा की."

"ते... पान्याचं. कुत्र्यालाच तसं, का मानसाच्या बाळंतिनीलाबी भरपूर द्याचं असतंय?"

सुनंदाचा हात थांबला. तिला माझ्या आधी समजलं.

"माणसालाही तसंच, आप्पा. का?"

"न्हाय, आपलं असंच." त्यांचा हात सदऱ्यावरून फिरत होता. "यार्डात गारगोटीकडचा एक गुळवाला भेटला हुता. म्हनला, तुमची पोरगी बाळंत झाली. पैल्या खेपंला माहेराला आनत्यात बगा... पोरगं झालंय म्हनं." मग कणकेच्या परातीकडे बघत, "म्हनला, लई उतरलीया."

गारगोटीचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. खाली रेडिओ चालू होता. तो मोठा करायला ते गेले नाहीत.

"कधी भेटला होता गुळवाला?" मी विचारलं.

"तंगव्वा आली, त्याच्या आदल्या दिवशी."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीत बसलो. मला का नेलं? "तुमी भित्रं हाईसा," आप्पा म्हणाले, "माज्यापरास भित्रं कुनीतरी संगट असलं की बरं." त्यांच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला अंड्यांचा ट्रे. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी तो उचलून धरायचे. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय ओ?" आप्पा छातीठोकपणे म्हणाले, "अंडी!" अख्ख्या एसटीनं वळून बघितलं.

दार गौरीनंच उघडलं. खांद्यावर बाळ होतं. ती उतरली होती. गळ्याची हाडं मलासुद्धा दिसत होती. आता आप्पा आकडा ओरडतील या धास्तीनं मी डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर दोघंही तसेच उभे होते, मध्ये अंड्यांचा ट्रे.

तिनं तो बघितला. बापाकडे बघितलं. आत गेली आणि आलेल्या माणसाला देतात तसे पाण्याचे दोन पेले घेऊन आली. आतून मटणाच्या फोडणीचा वास येत होता.

मी पेला एका दमात संपवला. आप्पा पेला हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी पेला तिच्यापुढे केला.

"आदी तू पी."

"मला तहान न्हाय, आप्पा."

"तहान नसली तरी प्याचं असतंय. भरपूर प्याचं. डॉक्टरीनबाई म्हनल्यात."

गौरी बघत राहिली. मग पेला घेऊन तिनं अर्धा संपवला. पेल्याच्या काठावरून तिचे डोळे बापावर होते. उरलेला आप्पांनी तिच्या हातून घेतला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

"अजून भर," ते म्हणाले.

"कुठल्या डॉक्टरीणबाई?" आत वळता वळता तिनं मला विचारलं.

मी सांगितलं नाही.